चार तारा, सहा बटणं

मी कवळ्या करते. दातांच्या दवाखान्यांतून जबड्यांचे साचे येतात, त्यांवर मी मेणाची हिरडी रचते आणि चिमट्याने एकेक दात बसवते. कवळी चांगली जमली तर ती कोणाच्या लक्षातच येत नाही, त्यामुळे कौतुक वगैरे फारसं वाट्याला येत नाही. घरात मात्र या कामावरून मला नाव पडलंय. काका मला चिमटी म्हणतात.

त्या गुरुवारी सकाळी साडेदहाला काकांचा फोन थेट लॅबमध्ये आला. काका कामाच्या वेळी कधी फोन करत नाहीत. एकदा त्यांच्या घरात नळ फुटून पाणी झालं होतं, तेव्हासुद्धा त्यांनी माझी जेवणाची सुट्टी होईपर्यंत दम धरला होता. "चिमटे, तुझी बारीक हत्यारं घे आणि ये," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. मी मालकीणबाईंना सांगितलं, काकांचं काहीतरी मोडलंय. त्यांना वाटलं हाड. मी तो गैरसमज तसाच राहू दिला आणि निघाले.

मोडली होती काकांची पेटी.

काका एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. लोकांच्या चुका काढण्यात तीस वर्षं गेली. आठ वर्षांपूर्वी त्यांची नजर अधू व्हायला लागली आणि पुढच्या दोन वर्षांत पुरती गेली. नोकरी सुटली. पण एका साप्ताहिकासाठी दर आठवड्याचं शब्दकोडं ते लग्नाआधीपासून रचत होते, ते काही त्यांनी सोडलं नाही. अकरा आडव्या आणि अकरा उभ्या घरांचा अख्खा चौकोन ते डोक्यातल्या डोक्यात रचतात. अडचण होती ती उतरवून काढण्याची. साप्ताहिकवाल्यांनी लेखनिक देऊ केला, तर काकांनी सरळ नको म्हटलं. मग त्यांच्या मुलाने, म्हणजे माझ्या चुलतभावाने, त्यांना ही पेटी करून दिली. दादा मालवाहू जहाजावर इलेक्ट्रिशियन आहे. एका सुट्टीत त्याने चपट्या लाकडी पेटीवर सहा बटणं बसवली आणि त्यांच्या खाली एक लांबट बटण. ब्रेलमधलं अक्षर सहा ठिपक्यांत मावतं. हवे ते ठिपके एकदम दाबायचे, की कॉम्प्युटरवर अक्षर उमटतं आणि कॉम्प्युटर ते मोठ्याने बोलून दाखवतो. पेटीच्या पोटात दोन बोटांएवढा एक हिरवा बोर्ड, त्याला कडेला केबल खुपसायचं सॉकेट, आणि ती केबल कॉम्प्युटरला. एवढाच सगळा पसारा. साधा की-बोर्डही घरात होता, पण त्यावर काका एक अक्षर शोधेपर्यंत दुसरं विसरायचे. पेटीवर मात्र त्यांची बोटं अशी चालायची की कॉम्प्युटरच्या आवाजाची दमछाक व्हायची.

आता कोणी म्हणेल, एक दिवस तोंडाने सांगून दुसऱ्याकडून लिहून घेतलं तर काय बिघडलं? तर बिघडतं, कारण घरात काकू आहे. काकू पोस्टात टपाल वेगळं करण्याच्या खात्यात होती. हात आणि डोळे दोन्ही तयार. रविवारी अंक आला की चहा निवायच्या आत ती कोडं सोडवून अंक घडी करून ठेवते. काका म्हणतात की ते हजारो वाचकांसाठी कोडं करतात. पण चाळीस वर्षं ते करतायत एकाच वाचकासाठी, आणि ती वाचक दर रविवारी त्यांना हरवते. तिलाच बसवून उत्तरं कशी सांगायची? मी लिहून घेते म्हटलं, तर काका म्हणाले, "तू तिच्यासमोर रविवारपर्यंत तोंड बंद ठेवशील?" मी प्रामाणिकपणे विचार केला आणि तो विषय सोडला. फोनला बोलून सांगायचं तर काकू पलीकडच्याच खोलीत, आणि तिचे कान तिच्या डोळ्यांहून तयार.

कोडं दुपारी तीनच्या आत पोचायला हवं होतं. चाळीस वर्षांत एकदाही उशीर झालेला नव्हता.

मी पेटीचं झाकण उघडलं. बोर्डावरचं सॉकेट मुळापासून उपटून निघालं होतं. नुसतं निघालं नव्हतं, तर त्याखालचे केसासारखे तांब्याचे पट्टेही सोबत घेऊन गेलं होतं. किडका दात उपटताना जबड्याचा तुकडा यावा तसं. काका खिडकीशी खुर्चीत बसून होते. काकू स्वयंपाकघरात ओटा पुसत होती. तो ओटा मी आले तेव्हाही लखलखीत होता.

दादाला व्हिडिओ कॉल लावला. त्याचं जहाज किनाऱ्याच्या आसपास होतं, त्यामुळे चेहरा कधी दिसत होता, कधी त्याचे चौकोन होत होते. मी कॅमेऱ्यासमोर बोर्ड धरला. त्याने एक सुस्कारा सोडला आणि सांगितलं की नवीन सॉकेट बसवायला आता खाली जागाच उरलेली नाही. पण सॉकेटवाचूनही चालेल. एखादी केबल मधून कापायची, आतल्या चार तारा सोलायच्या आणि थेट बोर्डाला जोडून टाकायच्या. चारांतल्या दोन विजेच्या, एक वीज आणणारी आणि एक परत नेणारी. त्यांची भोकं बोर्डाच्या कडेला आहेत, शेजारी अक्षरं छापलेली आहेत. उरलेल्या दोन तारांतून पेटी आणि कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात. त्यांच्यासाठी बोर्डाच्या पोटाला मध्यावर दोन गोल ठिपके आहेत, मोहरीएवढे.

"विजेच्या दोन उलट लागल्या तर बोर्ड गेला. बोलायच्या दोन उलट लागल्या तर नुसता गप्प बसेल," दादा म्हणाला. मग त्याने कागदावर काढलेलं एक चित्र पाठवलं, आणि आणखी काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात फोन बंद पडला. नंतर लागलाच नाही.

सोल्डरिंग गन, कथलाची तार आणि मीटर दादाच्या खणात होतं. मी धातूला डाख देते, पण तो दातांच्या तारांना. तिथे चुकलं तर नवा तुकडा घेता येतो. इथे बोर्ड एकच होता आणि त्याच्यात दादाने काकांसाठी लिहिलेला प्रोग्राम होता.

पेटीची मूळची केबल हिसक्यात प्लगपाशीच तुटली होती, म्हणून दुसरी शोधायला स्वयंपाकघरात गेले. काकूने आपल्या फोनची चार्जिंगची केबल काढून दिली. मी म्हटलं, ही कापली की गेली. ती म्हणाली, काप. मग ओट्याकडेच बघत हळूच म्हणाली, "माझ्याच हातून झालं गं. झाडताना खुर्ची ओढली, तार अडकली असणार. आवाज आला तेव्हाच कळलं. त्यांनी अजून मला एका शब्दाने विचारलेलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं."

केबल घेऊन बाहेर आले आणि मधोमध कापली. वरचं आवरण सोललं, तर आत दोनच तारा. लाल आणि काळी. पुन्हा सोललं, आणखी मागे सोललं, दोनाच्या चार काही होईनात. ही केबल नुसती फोनला वीज पाजायची, बोलायच्या तारा तिच्यात मुळातच नव्हत्या. म्हणजे काकांची पेटी तर बंद होतीच, आता काकूचा फोनही संध्याकाळपर्यंत बंद पडणार होता. काकांना हे सांगितलं तेव्हा सकाळपासून पहिल्यांदा त्यांच्या ओठांचा कोपरा हलला.

दुसरी केबल माळ्यावर सापडली, एका मरून पडलेल्या प्रिंटरची. जाड, राखाडी, आणि आत नीट चार तारा. पण त्यांचे रंग बघून माझा चेहरा पडला. दादाच्या चित्रात लाल, काळी, पांढरी, हिरवी. इथे केशरी, निळी, हिरवी आणि पांढरी. कुठली तार कुठली, हे रंगावरून सांगायची सोय नव्हती.

सांगणारा होता तो मीटर. प्लगच्या तोंडात चार सोनेरी पट्ट्या असतात, एका ओळीत, आणि कितवी पट्टी कशाची ते दादाच्या चित्रात आकड्यांनी दिलेलं होतं. मीटरची एक सुई पट्टीवर टेकवायची आणि दुसरी एकेका तारेवर. दोन्ही एकाच तारेची टोकं असली की मीटर वाजतो. पण मीटरची बॅटरी दादाच्या मागच्या सुट्टीपासून तशीच पडून होती. पडद्यावरचे आकडे दिसेनासे झाले होते आणि आवाज मला तरी येत नव्हता. तसली बॅटरी घरात नव्हती. मी मीटर ठेवून देणार, एवढ्यात काका खुर्चीतून म्हणाले, "वाजला."

मी सुया पुन्हा टेकवल्या. मला काही नाही. काका म्हणाले, वाजला. उचलल्या, गेला. डासाच्याहूनही बारीक आवाज असेल, पण त्यांना तो लख्ख येत होता. मी त्यांची खुर्ची टेबलाजवळ घेतली. मग आणखी एक अडचण उभी राहिली. दोन हातांत दोन सुया, प्लग कोण धरणार? मी काकूला हाक मारली.

असे आम्ही तिघं एका टेबलाभोवती बसलो. काकूने प्लग चिमटीत असा घट्ट धरला की तो हलायची टाप नव्हती. मी पट्टी आणि तार टेकवत होते, काका मान तिरकी करून ऐकत होते. एक पट्टी ठरली की काकू कागदाची बारीक चिठ्ठी फाडून, तिच्यावर आकडा लिहून त्या तारेला चिकटवायची. एक केशरी. दोन पांढरी. तीन हिरवी. राहता राहिली निळी, ती चार. काकांनी चौथीही तपासायला लावली. राहिली म्हणून बरोबर धरलेली गोष्टच नेमकी चुकीची निघते, म्हणाले, छापखान्यात असंच व्हायचं.

शेवटची चिठ्ठी लावून काकू उठायला लागली, तेव्हा काका तिच्या दिशेने तोंड करून म्हणाले, "सकाळी टेबल मी सरकवलं होतं. उन्हात हात शेकायला बरं वाटतं म्हणून. तार तेव्हाच ताणली गेली होती, मला कळलंही होतं. म्हटलं, नंतर बघू."

काकू पुन्हा खाली बसली. "मग सकाळपासून बोलला का नाहीत?"

"तू ओढलीस असं तुला वाटत होतं. मला वाटलं, थोडा वेळ वाटू दे."

मी तारा नीट करण्यात गढून गेल्यासारखं केलं. काकू एवढंच म्हणाली की या रविवारी ती कोडं चहा ओतायच्या आधी सोडवेल. मग ती चहा करायला गेली, आणि आतून भांड्यांचा नेहमीचा आवाज यायला लागला. माझा जीव भांड्यात पडला तो त्या आवाजाने.

डाख द्यायला बसले तेव्हा बारा वाजून गेले होते. आधी प्रिंटरच्या केबलच्या उरलेल्या तुकड्यावर हात बसवून घेतला. मग बोर्ड मेणाच्या गोळ्यात रोवला, आम्ही साचे रोवतो तसा, म्हणजे तो हलत नाही. भिंगाखाली पहिली तार केशरी, कडेच्या भोकात, छापलेलं अक्षर तीनदा वाचून. कथील वितळलं, चकाकलं, बसलं. मग निळी. मग बोर्ड पालथा केला, आणि मोहरीएवढ्या दोन ठिपक्यांवर दादाच्या चित्राप्रमाणे डावीकडे पांढरी, उजवीकडे हिरवी. त्यात अर्धा तास गेला. झालं तेव्हा चारही डाख असे सुबक होते की मलाच बघत बसावंसं वाटलं.

केबल कॉम्प्युटरला लावली. बोर्डावरचा हिरवा दिवा लागला. आम्ही तिघांनी मान पुढे केली. कॉम्प्युटरने त्याच्या सपाट आवाजात सांगितलं की जोडलेलं उपकरण ओळखता आलं नाही.

काढून पुन्हा लावली. पुन्हा तेच. काकांनी बटणं दाबून बघितली, कॉम्प्युटर ढिम्म. दीड वाजला होता. मी जाळला बोर्ड, असं माझ्या मनाने घेतलं. काका म्हणाले की दिवा लागलाय ना, मग विजेच्या तारा बरोबर आहेत. दादाने काय सांगितलं होतं ते त्यांनी शब्द न चुकता म्हणून दाखवलं. नुसता गप्प बसला, तर बोलायच्या दोन उलट.

पण मी तर चित्राप्रमाणे लावल्या होत्या. चित्र पुन्हा पुढे घेतलं. डावीकडे पांढरी, उजवीकडे हिरवी, स्पष्ट होतं. मग माझं लक्ष चित्रातल्या कडेच्या भोकांकडे गेलं. ती डाव्या अंगाला काढलेली होती. माझ्या समोर पालथ्या पडलेल्या बोर्डावर ती उजव्या अंगाला होती. दादाने बोर्ड सुलटा ठेवून, वरून आरपार बघितल्यासारखे ते ठिपके काढले होते, आणि मी तो पालथा करून तसेच लावले.

कपाळावर हात मारून घेतला. ही चूक आमच्याकडे नव्याने शिकायला आलेल्या मुली पहिल्या आठवड्यात करतात. वरची कवळी हातात उलटी धरली की डावी दाढ उजवीकडे जाते. मी त्यांना त्यावरून किती बोलले आहे, ते मलाच माहीत. काकांना हे सांगितलं तर त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी ते काकूला हाक मारून पुन्हा सांगायला लावलं.

केबल काढली, दोन डाख उकलले, तारांची अदलाबदल केली. या वेळी सुबक वगैरे बघितलं नाही. लावली. कॉम्प्युटरमधून दोन सुरांचा आवाज आला, टुंग-टिंग. काकांनी डोळे मिटले, ज्यांचा त्यांना काही उपयोग नाही ते, आणि बटणांवर बोटं ठेवली. कॉम्प्युटर म्हणाला, "क." मग म्हणाला, "ख." काका ओळीने ज्ञपर्यंत गेले. कोणी त्यांना थांबवलं नाही.

मग त्यांनी आम्हा दोघींना खोलीबाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. काकू दाराबाहेर स्टूल घेऊन बसली. आतून कॉम्प्युटरचा आवाज येत होता, पण काकांनी तो इतका हळू केला होता की एकही शब्द धड कळत नव्हता. तिने पाच मिनिटं कान लावून बघितलं आणि नाद सोडला. तीनला बारा मिनिटं कमी असताना दार उघडलं. कोडं गेलं होतं.

लॅबला मी त्या दिवशी परत गेलेच नाही. पण पिशवीत गुलाबी पूड आणि तिचं द्रावण होतं, ज्याची आम्ही कवळीची हिरडी करतो. नुसत्या डाखाच्या भरवशावर केबल ठेवली, तर पुढच्या हिसक्याला पुन्हा तेच. मी पेटीच्या आत केबलला एक गाठ मारली, म्हणजे ओढ लागली तरी ती गाठीवर यावी, तारांवर नको. मग जिथून ती बाहेर पडते तिथे गुलाबी लगदा भरून हिरडीसारखा घोटला. बोर्डाला काही लागू दिलं नाही. दहा मिनिटांत दगडासारखं झालं. काकांनी त्यावरून बोट फिरवलं आणि याला दात कधी फुटणार म्हणून विचारलं.

दादाचा फोन लागला तो दुसऱ्या दिवशी. त्याने रात्रभर बसून, एकेका पायरीसकट, दोन पानी सूचना लिहून ठेवल्या होत्या. काम झाल्याचं ऐकून तो जरा हिरमुसला. मी फोटो पाठवला, तेव्हा त्याने इंजिनाच्या खोलीतल्या लोकांना बोलावून दाखवला आणि त्या गुलाबी गोष्टीचं नाव विचारलं. मी कवळीची हिरडी म्हटल्यावर त्याने ते माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

पण खरी गोष्ट पुढे झाली. काका कोणाला काही सांगितल्याशिवाय राहत नाहीत. त्यांच्या ओळखीचे एक मालिशवाले आहेत, जन्मापासून दिसत नाही, सांधे आणि पाठी ठीक करण्यात नाव कमावलेलं. त्यांना कळलं की अशी पेटी असते, आणि त्यांचा निरोप आला की एक मला हवी. त्यांना आपल्या पेशंटांच्या नोंदी स्वतः लिहायच्या होत्या. आजवर ते सगळं बहिणीला सांगून लिहून घ्यायचे आणि ती अर्धं गाळायची.

मी म्हटलं, मला जमणार नाही, एका केबलला एक दिवस गेला. काका म्हणाले, आपण शनिवारी बसू. नवा बोर्ड बाजारातून आणला, त्यात घालायचा प्रोग्राम दादाने पाठवला. पेटीला लाकूड कापून दिलं शेजारच्या सुताराने. या बोर्डाला सॉकेट होतं, पण मी त्याला हातही लावला नाही, केबल पहिल्यापासून थेटच जोडली. मीटरला आता नवी बॅटरी आहे आणि तो मला ऐकू येतो, तरी तारा ओळखायला काका लागतातच, आणि चिठ्ठ्या काकूशिवाय कोणी लावलेल्या तिला चालत नाहीत. तीन शनिवार लागले. चौथ्या शनिवारी आम्ही पेटी घेऊन तिघंही मालिशवाल्यांकडे गेलो.

त्यांनी पेटी मांडीवर घेतली, सगळ्या बाजूंनी चाचपली, बटणं मोजली. केबल कॉम्प्युटरला लावली तेव्हा टुंग-टिंग वाजलं आणि काकूने माझा हात धरला. पहिल्यांदा त्यांनी बहिणीचं नाव लिहिलं. मग स्वतःचं. मग काय लिहावं सुचेना म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानाची पाटी, फोन नंबर, आठवड्याचे वार. कॉम्प्युटर एकेक म्हणत होता आणि ते प्रत्येक शब्दाला मान डोलावत होते. काका शेजारी बसून कुठे चुकतंय ते सांगत होते. बहीण दारात उभी राहून हसत होती आणि डोळे पुसत होती. असा पाऊण तास गेला असेल.

तेवढ्यात पडद्याआडून एका माणसाने अगदी नम्रपणे विचारलं की तो आता सुलटा वळला तर चालेल का. त्याला पालथं झोपवून, पाठीला तेल लावून मालिशवाले बाहेर आले होते, आमच्यासाठी फक्त दार उघडायला.